चरबी दाखवणारी सीडी१ प्रथिनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या एका वाचनालयात क्षयरोग आणि प्रतिकारशक्ती या विषयावर बोललो होतो. भाषण तासाभराचं झालं, पण नंतर चिठ्ठ्या आल्या त्या पिशवीभर. निम्म्या लसीवर, काही मधुमेहावर, एक तर ‘सर, लिफ्ट का बंद आहे’ अशी. उरलेल्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा दिसलं, ते मी बोलता बोलता ओझरतं घेतलं होतं: सीडी१. पुढं खानापूर, निपाणी, चिकोडीकडून व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न यायला लागले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नव्हे, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारा मास्तर. तेव्हा गोळी कोणती घ्यायची ते मला विचारू नका.

सीडी१ म्हणजे नेमकं काय?

पेशीच्या अंगावर बसणारं एक प्रथिन. खरं तर पाच भावंडांचं घर आहे: ए, बी, सी, डी आणि ई. यांचं काम एका वाक्यात सांगायचं तर, पेशीच्या आत सापडलेला स्निग्ध रेणू खोबणीत धरून बाहेर आणायचा आणि टी-पेशीपुढं, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका पांढऱ्या पेशीपुढं, धरायचा. टी-पेशी तो चाचपून बघते. ओळखीचा वाटला तर बहुतेक वेळा पुढं जाते, परका वाटला तर बोंब ठोकते आणि मग फौज जमते.

आम्ही शिकलो तेव्हा पुस्तकात एवढंच होतं की टी-पेशीला फक्त प्रथिनांचे तुकडे दिसतात, आणि ते तुकडे धरून दाखवायचं काम पेशीच्या अंगावरचे एचएलए नावाचे रेणू करतात. मीही पहिली काही वर्षं वर्गात तेच सांगितलं. त्या विद्यार्थ्यांनी आता मला माफ करावं.

पण चरबी दाखवायला वेगळं प्रथिन कशाला हवं?

कुंद्याचा पुडा आठवा. घरी येईपर्यंत कागदावर तुपाचा डाग पसरून कागद आरपार दिसायला लागतो. तो डाग पाण्यानं पुसून बघा, हलत नाही. रक्त आणि पेशीतला रस हे सगळं पाण्याचं राज्य आहे, तिथं स्निग्ध रेणू एकटा उघडा फिरू शकत नाही. त्याला कुणीतरी पोटाशी धरावं लागतं.

सीडी१ची खोबण आतून पाण्याचा तिटकारा असलेल्या अमिनो आम्लांनी मढवलेली असते. चरबीच्या लांब शेपट्या त्या खोबणीत आत दडतात आणि डोकं, म्हणजे साखर किंवा फॉस्फेटचा भाग, वर राहतो. मांजरानं पोत्यात सगळं अंग घालून नुसतं तोंड बाहेर काढावं तसं. टी-पेशी तोंड बघून ओळख पटवते. एचएलएची खोबण उथळ आणि उघडी असते, हिची खोल आणि चिंचोळी. बाकी बांधणी दोघांची बरीच सारखी. दोघंही बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाच्या एकाच छोट्या जोडीदाराला कडेला घेऊन उभे राहतात. मात्र एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत आणि सीडी१ची पहिल्यावर.

नाव इतकं कोरडं का? गाण्याच्या सीडीशी काही संबंध?

नाही. सीडी म्हणजे ‘क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन’. पेशींच्या अंगावरच्या खुणांना दिलेले ते नंबर आहेत. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये मॅकमायकेल, मिलस्टीन आणि सहकाऱ्यांना माणसाच्या थायमसमधल्या (छातीतली ग्रंथी, जिथं टी-पेशी तयार होतात) पेशींवर चिकटणारी एक अँटिबॉडी मिळाली. हे मिलस्टीन म्हणजे ज्यांना १९८४ सालचं नोबेल मिळालं तेच. पुढं १९८२ साली पॅरिसच्या कार्यशाळेत अशा खुणांना नंबर पाडायचं ठरलं, तेव्हा पहिला नंबर ही अँटिबॉडी जिला चिकटते त्या खुणेला लागला. नंबर पहिला खरा, पण ही खूण तिथं करते काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८९ मध्ये पोर्सेली आणि ब्रेनर यांच्या गटानं दाखवलं की काही टी-पेशी सीडी१ला ओळखतात. त्या खोबणीत चरबी असते हे कळायला १९९४ उजाडलं.

आमच्याकडं सरकारी दवाखान्यात ‘सीडी४ काउंट’ करतात. तेच का हे?

नव्हे. सीडी४ ही टी-पेशीच्या अंगावरची खूण, एचआयव्ही तिलाच धरून आत शिरतो. सीडी१ हा दाखवणाऱ्याच्या हातातला रेणू. एक बघणारा, एक दाखवणारा.

पाच भावंडांत फरक काय?

सीडी१-ए कातडीत सापडतो, तिथल्या लँगरहान्स नावाच्या पहारेकरी पेशींवर. सीडी१-बी आणि सी डेंड्रिटिक पेशींवर (जंतू गिळून टी-पेशींना दाखवणाऱ्या), त्यातला सी बी-पेशींवरही. सीडी१-डी बऱ्याच ठिकाणी, अगदी यकृतात आणि आतड्यातसुद्धा. सीडी१-ई मात्र कधी पृष्ठभागावर येतच नाही. तो आत राहून बाकीच्यांना चरबी उचलायला मदत करतो. स्वयंपाकघरातून बाहेर न येणारी मावशी म्हणा.

ही भावंडं पेशीत फिरतात तेही वेगवेगळ्या वाटांनी. तयार होताना प्रत्येकाच्या खोबणीत आपल्याच शरीरातली एखादी चरबी भरलेली असते. पृष्ठभागावर जाऊन ती पुन्हा आत येतात. ए वेशीवरूनच परततो, बी मात्र पार आतल्या बोळापर्यंत जातो, म्हणजे आम्लानं भरलेल्या लायसोसोमपर्यंत, जिथं गिळलेले जंतू पडलेले असतात. तिथं सॅपोसिन नावाची प्रथिनं जुनी चरबी ओढून काढतात आणि नवी बसवतात. ही वाट ठरते सीडी१-बीच्या शेपटातल्या चारच अमिनो आम्लांच्या खुणेनं. एवढ्या मोठ्या गाडीला पाटी एवढीशी.

क्षयरोगाशी याचा संबंध काय? तुम्ही भाषणात ‘मेणाचं कवच’ म्हणालात.

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण सगळी गोष्ट सुरूच इथून होते.

कफाच्या तपासणीची काच बनवताना तुम्ही कधी बघितलंय? काचेवर कफ पसरायचा, वाळवायचा, वर लाल कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि खालून वाफ येईपर्यंत तापवायचं. मग त्यावर गंधकाम्ल घालायचं. बाकी सगळ्या जंतूंचा लाल रंग क्षणात वाहून जातो, क्षयाच्या जंतूचा जात नाही. शेवटी निळा रंग दिला की सूक्ष्मदर्शकात निळ्या पसाऱ्यात बारीक, जरा वाकड्या लाल काड्या दिसतात. मला पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा सिनियरनं विचारलं, ‘रंग का टिकला?’ मी म्हटलं, ‘आम्लाला दाद देत नाही म्हणून.’ ‘अरे, तेच तर विचारतोय की, का दाद देत नाही?’ माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर आहे मायकोलिक आम्ल. शेंगतेलातलं मुख्य मेदाम्ल अठरा कार्बनांचं. क्षयाच्या जंतूच्या भिंतीतलं मायकोलिक आम्ल साठ ते नव्वद कार्बनांचं. असल्या लांब मेणाच्या थरातून आम्ल आत शिरत नाही, बरीच औषधंही शिरत नाहीत. क्षयाच्या उपचारात जी आयसोनियाझिड गोळी असते, ती नेमकं हे मेण बनवण्याचं काम बंद पाडते.

आता १९९४ चा शोध. बोस्टनमध्ये क्षयाच्या जंतूला ओळखणारी एक टी-पेशी मिळाली, पण ती कुठल्याच प्रथिनाला ओळखत नव्हती. जंतूतले पदार्थ एकेक वेगळे करत करत शेवटी हातात उरलं ते मायकोलिक आम्ल, आणि ते दाखवणारा निघाला सीडी१-बी. म्हणजे जंतूनं जे कवच पांघरलं, तेच आपल्या शरीरानं त्याची ओळख म्हणून धरलं. २००२ मध्ये सीडी१-बीची स्फटिकरचना उलगडली आणि हे इतकं लांब मेण मावतं कसं तेही कळलं. त्याच्या आत चार खोबणी आहेत आणि त्यातल्या तीन एकमेकींना जोडून एक लांबच लांब भुयार होतं. बाकी भावंडांत असलं भुयार नाही.

पुढं याच जंतूच्या आणखी चरब्या सापडल्या. सीडी१-ए दाखवतो ती मायकोबॅक्टिनच्या जातीची, सीडी१-सी दाखवतो मायकोकेटाइड, सीडी१-बी तर तीन-चार प्रकारच्या. २०१३ साली आणखी एक नवल दिसलं. मायकोलिक आम्लाला साखर जोडलेला रेणू ओळखणाऱ्या काही टी-पेशी एकमेकांशी कसलंही नातं नसलेल्या माणसांत जवळजवळ एकाच साच्याच्या निघाल्या.

मग क्षयावर चरबीची लस का करत नाहीत?

बीसीजी या क्षयाच्या लशीत चरबी आहेच की. तो जिवंत पण दुबळा केलेला गाईच्या क्षयाचा जंतू आहे, भिंतीसकट, मायकोलिक आम्लासकट. १९२१ पासून तो दिला जातोय. निव्वळ चरबीची लस गिनीपिगवर करून बघितली गेली, आणि २००३ मध्ये छापलेल्या निकालात त्यांच्या फुप्फुसांची अवस्था सुधारलेली दिसली. माणसापर्यंत मात्र अशी लस आलेली नाही.

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर क्रिकेट खेळलेली पिढी हे वाचत असेल. मैदानाच्या नावातच लस आहे, पण ती देवीची.

कुष्ठरोगाच्या बाबतीतही असंच आहे का?

हो, आणि इथलं चित्र मला क्षयापेक्षाही बोलकं वाटतं. कुष्ठरोगाचा जंतू क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. त्याच्या भिंतीत लायपोअराबिनोमॅनन नावाचा रेणू असतो. कुष्ठरोग्याच्या चट्ट्यातून मिळालेल्या टी-पेशी सीडी१-बीमार्फत तो ओळखतात हे १९९५ मध्ये सिद्ध झालं.

या रोगाची दोन टोकं आहेत. एका टोकाला चट्टे मोजके, जंतू जवळपास सापडत नाहीत, कारण शरीर जोरात झुंजतं. दुसऱ्या टोकाला जंतूंचा सुळसुळाट. दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या चट्ट्यांचे तुकडे रंगवून बघितले, तर पहिल्यांत सीडी१-ए, बी, सी असलेल्या डेंड्रिटिक पेशी भरपूर, दुसऱ्यांत अगदी तुरळक. सीडी१ कमी म्हणून रोग वाढला की रोग वाढला म्हणून सीडी१ कमी, हे नुसत्या काचेवरून सांगता येत नाही. पण काच बघितल्यावर विसरताही येत नाही.

सर, बिब्बा उतला की अंग सुजतंय. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?

खानापूरच्या एका मावशींचा हा प्रश्न. सगळ्यांत आवडला.

बिब्बा, काजू, आंबा हे सगळं एकाच कुळातलं. काजूच्या टरफलातलं तेल, बिब्ब्याचं तेल, आंब्याच्या देठाचा चीक, यांतले दाह करणारे पदार्थ एकमेकांचे नातलग आहेत. एका टोकाला फिनॉलचं वलय आणि मागं लांब स्निग्ध शेपटी. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाचं झुडूप आहे, तेही याच कुळातलं. त्याचा चीक लागला की आठवडाभर फोड. त्यातला पदार्थ उरुशिऑल. २०१६ मध्ये माणसाचा सीडी१-ए घातलेल्या उंदरांवर दाखवलं गेलं की कातडीतल्या पेशी उरुशिऑल सीडी१-एच्या खोबणीत धरून टी-पेशींना दाखवतात आणि त्यातून दाह पेटतो. जुनं स्पष्टीकरण असं होतं की तो चीक कातडीतल्या प्रथिनांना चिकटून त्यांना परकं बनवतो. तेही चुकीचं नाही. दोन्ही वाटा आहेत.

आमच्या आजोळी काजू भाजायचे तेव्हा आजी हाताला आधी राख फासायची. टरफल तडकलं की काळं तेल उडायचं. माझ्या डाव्या मनगटावर त्याचा एक डाग अजून आहे. हा डाग मात्र भाजल्याचा, प्रतिकारशक्तीचा यात दोष नाही. तेलाची ॲलर्जी वेगळी. ती पहिल्या खेपेला सहसा कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला एक-दोन दिवसांनी फोड उठतात. हा उशीर म्हणजे टी-पेशींची सही. परीट लोक पूर्वी कपड्यांवर बिब्ब्यानं खुणा करायचे, आणि कुणाकुणाच्या मानेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी खाज सुटायची.

मधमाशी चावली तर?

तिच्या विषात फॉस्फोलायपेज ए२ असतं. ते आपल्याच पेशींच्या पटलातली चरबी तोडतं, आणि तोडून निघालेले तुकडे सीडी१-ए दाखवतो. म्हणजे माशी परकी, पण दाखवलेली चरबी आपली. घरातल्या धुळीतल्या किडींच्या बाबतीतही असलीच करामत सापडलीय.

आपल्याच चरबीवर टी-पेशी चिडतात, हे धोक्याचं नाही का?

चिडणाऱ्या पेशी आपल्या रक्तात निरोगी अवस्थेतही असतात, आणि कमी नसतात. सीडी१-एला ओळखणाऱ्या अशा पेशी कातडीकडं जातात आणि आयएल-२२ नावाचा निरोप सोडतात. कातडी दुरुस्त करायला तो उपयोगी आहे.

गंमत अशी की इथं डोकं नसलेली चरबी जास्त चालते. कातडीच्या तेलातलं स्क्वालीन, मेणाचे एस्टर असे रेणू खोबणीत पूर्ण बुडतात, वर काही उरत नाही, मग टी-पेशीला सीडी१-ए स्वतःच थेट हाताला लागतो. मोठ्या डोक्याची चरबी असेल तर ते डोकं मध्ये येतं आणि टी-पेशी मागं सरते. निरोगी कातडीत ही तेलं वरच्या थरात आणि लँगरहान्स पेशी खालच्या. कातडी फाटली, खरचटली की दोघांची गाठ पडते.

मुलाच्या हाडाच्या बायॉप्सी रिपोर्टमध्ये ‘सीडी१-ए पॉझिटिव्ह’ आलंय. म्हणजे कॅन्सर का?

रिपोर्टचा अर्थ तुमच्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या, मी फक्त शब्द उलगडतो. पॅथॉलॉजिस्ट तुकड्यावर सीडी१-एला चिकटणारी अँटिबॉडी घालतात, आणि ज्या पेशींवर तो आहे त्या तपकिरी दिसतात. निरोगी कातडीत आणि थायमसमध्येही तो असतोच. पण हाडात अशा पेशींचा गठ्ठा दिसला आणि सोबत लँगेरिन, म्हणजे सीडी२०७, ही खूणही असली, तर लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस या आजाराकडं बोट जातं. त्यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत बीआरएएफ नावाच्या जनुकात ठरावीक बदल सापडतो, म्हणून पुढची तपासणी त्याची सांगतात. एकाच गाठीपासून बऱ्याच अवयवांपर्यंत या आजाराचा पसारा कमीजास्त असतो, त्यामुळं शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना करू नका.

हे सगळं इतक्या उशिरा का कळलं?

उंदरामुळं. प्रतिकारशक्तीचा जवळपास सगळा अभ्यास पांढऱ्या उंदरावर होतो, आणि उंदराकडं फक्त सीडी१-डी आहे. ए, बी, सी त्याच्या वंशात कधीतरी गळून पडले. जे प्राण्यात नाहीच ते प्राण्यात दिसणार कसं? गिनीपिगकडं सीडी१-बी आणि सी यांच्या बऱ्याच प्रती आहेत, पण त्याच्यासाठी अभ्यासाची हत्यारं कमी. शेवटी माणसाची जनुकं घातलेले उंदीर बनवावे लागले. मला विचाराल तर ‘उंदरात दिसलं नाही’ म्हणून किती गोष्टी आपण बाजूला सारल्या असतील, याची यादी कुणीतरी करायला हवी.

जपानी बिअर कंपनीची काहीतरी गोष्ट सांगितलीत, ती पुन्हा सांगा.

ओकिनावाजवळच्या समुद्रात ॲगेलास नावाचा स्पंज मिळतो. किरिन या बिअर कंपनीच्या औषध विभागातले संशोधक त्याच्या अर्कात कर्करोगावर काही मिळतं का ते शोधत होते. त्यातून अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड हे औषध घडलं, साखर जोडलेली एक चरबी. १९९७ मध्ये तानिगुची यांच्या गटानं दाखवलं की ही चरबी सीडी१-डी दाखवतो आणि ती बघून एनकेटी नावाच्या खास टी-पेशी भडकतात. या पेशी माणसाच्या रक्तात फार थोड्या, टी-पेशींत हजारात एखादी, पण काही तासांत इतके निरोप सोडतात की बाकी फौज खडबडून जागी होते. नुसतं टोचलं तर मात्र त्या लवकर थकून गप्प बसतात, त्यामुळं औषध म्हणून मार्ग सोपा राहिलेला नाही.

किडनी बदलताना एचएलए जुळवतात. सीडी१ही जुळवावं लागतं?

नाही, कारण ते सगळ्यांचं जवळजवळ सारखंच असतं. एचएलएचे हजारो प्रकार आहेत, सख्ख्या भावाभावांतही जुळेलच असं नाही. सीडी१ मात्र खानापुरात जो, तोच टोकियोत. म्हणूनच एका दात्याच्या एनकेटी पेशी वाढवून अनेक रुग्णांना देता येतील का, यावर कर्करोगाच्या क्षेत्रात काम चाललंय.

तूप खाल्लं तर सीडी१ वाढतं का?

नाही वाढत. खाल्लेलं तूप आतड्यात फुटतं, पुन्हा जुळतं, कणांत बांधलं जाऊन रक्तात जातं. एवढं खरं की रक्तात चरबी वाहणारं एपोई हे प्रथिन जंतूंची चरबीही पेशीत पोचवू शकतं, हे २००५ मध्ये दिसलं. पण त्यावरून ‘प्रतिकारशक्तीचं तूप’ विकणारा कुणी भेटला तर पैसे खिशातच ठेवा. तूप आवडत असेल तर चवीसाठी खा.

सीडी१ची रक्ततपासणी कुठं होते?

निरोगी माणसानं करून घ्यावी अशी तपासणीच नाही. एका खाजगी लॅबनं मला ‘इम्युनिटी पॅकेज’चं पत्रक दिलं, त्यात सीडीचे सहा नंबर छापले होते. काउंटरवरच्या पोराला विचारलं, हे कशासाठी? म्हणाला, ‘काय की सर, वरनं आलंय.’ ल्युकेमियाच्या काही प्रकारांत पेशी ओळखायला डॉक्टर सीडी१-ए बघतात, बायॉप्सीचं वर सांगितलंच. बाकी हा विषय प्रयोगशाळेचा.

कोंबडीत असतं का? (ही चिठ्ठी शाळकरी अक्षरात होती.)

असतं! २००५ मध्ये कोंबडीत दोन सीडी१ जनुकं सापडली. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे पूर्वज वेगळे होऊन तीस कोटी वर्षं झाली, तेव्हा हे प्रथिन निदान तेवढं जुनं आहे. आणि चिठ्ठीच्या मागं जो दुसरा प्रश्न होता त्याचं उत्तर : नाही रे बाळा, रस्सा उकळल्यावर त्यातलं एकही प्रथिन धड राहत नाही, बिनधास्त खा.